टार्टाकोव्हर सोडून देऊ का? पाचवीतल्या पोराने माझ्यावर फिशरचा डाव खेळला

सुटलेलं_प्यादं
नमस्कार मंडळी. परवा रविवारी डोंबिवलीत एक रॅपिड ओपन होती, २५ मिनिटं अधिक १० सेकंद. चौथ्या राउंडला समोर एक पोरगा आला, पाचवी-सहावीतला असेल, खुर्चीवर मांडी घालून बसला कारण तसं बसल्याशिवाय पलीकडचे हत्ती दिसेनात त्याला. मी काळा. मनात म्हटलं चला एक पॉइंट आला. तर २३ चालींत माझं वाटोळं झालं आणि वर हात मिळवताना तो म्हणतो, "काका, हा ७२ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमधला फिशर-स्पास्कीचा सहावा डाव होता, तुम्ही शेवटीच बदललं." बाजूच्या बोर्डवरचे लोक हसले.

चाली देतो, नोटेशन मराठीत लिहिलंय, जरा सांभाळून घ्या. सी४ ई६, घोडा एफ३ डी५, डी४ घोडा एफ६, घोडा सी३ उंट ई७, उंट जी५ आणि मी कॅसल, ई३ एच६, उंट एच४ बी६. इथपर्यंत टार्टाकोव्हर, म्हणजे डी४ विरुद्धची काळ्याची एक ओपनिंग, मी चार वर्षं डी४ वाल्यांना हेच खेळतोय. मग त्याने डी५ ला मारलं मी घोड्याने मारलं, ई७ वर उंट-वजीर मारामारी, डी५ वर घोडा मारला मी ई च्या प्याद्याने मारला. ११ हत्ती सी१ उंट ई६, १२ वजीर ए४ सी५, १३ वजीर ए३ हत्ती सी८, १४ उंट बी५ ए६, १५ सी५ ला मारामारी, १६ त्याचं कॅसल माझा हत्ती ए७, १७ उंट परत ई२ घोडा डी७, १८ घोडा डी४ वजीर एफ८, १९ घोड्याने ई६ चा उंट मारला, एफ च्या प्याद्याने मारला. २० ई४ डी४, २१ एफ४ वजीर ई७, २२ ई५ हत्ती बी८, २३ उंट सी४. आता हा उंट ई६ वर डोळा ठेवून बसलाय म्हणून मी घोडा बी६, म्हणजे टेम्पोने, चाल न गमावता, उंट हाकलू. तर २४ वजीर बी३!! घोड्याने उंट मारला तर माझा बी८ चा हत्ती शहासकट जातो, नाही मारला तर ई६ शहासकट जातं. पुढे एफ५ आलं आणि दहा-बारा चालींत मी घड्याळ थांबवलं.

प्रश्न दोन. एक, नक्की कुठे चुकलं, कारण २३ पर्यंत मला वाटत होतं मी बराय, डी४ वर माझं मस्त पास्ड प्यादं होतं, म्हणजे पुढे अडवायला समोरच्याचं एकही प्यादं नसलेलं. दोन, टार्टाकोव्हर सोडून द्यावा का आणि द्यावा तर काय घ्यावं. रेटिंग १४५० च्या आसपास.

पटावर_पसारा
काका लंडन सिस्टिम खेळा, आयुष्य सोपं होतं 😄

सुटलेलं_प्यादं
काळ्याकडून लंडन कसं खेळायचं तेवढं सांगा, लगेच सुरू करतो.

क्लासवाली_ताई
मी मुलांना शिकवते आणि हा डाव दरवर्षी एकदा तरी फळ्यावर मांडते त्यामुळे थोडं लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

पहिलं म्हणजे २३ वी चाल ही चूक आहे पण आजार तिथे नाहीये, तिथे नुसता ताप दिसला. स्पास्कीने तिथे राजा एच८ ला नेला, घोडा बी६ ला वजीर बी३ आहे हे त्याला दिसलंच, पण म्हणून तो वाचला का, नाही, ४१ चालींत हरलाच. म्हणजे तुम्ही घोडा बी६ नसतं केलं तरी जरा सावकाश हरला असता एवढंच.

दुसरं, सी५ आणि डी५ ची जी जोडी तुम्हाला मिळाली, हँगिंग पॉन्स. ती शेजारी शेजारी आहेत तोवर ताकद असते, पुढची चारही घरं राखतात, बी४ पासून ई४ पर्यंत. पण त्यांना मागून आधाराला प्यादं नाही, त्यामुळे राखायला मोठे मोहरे लागतात, आणि जसजशी मारामारी होत जाते तसतसं राखणारेच संपतात. तुमच्या डावात १० व्या चालीपर्यंत एक घोडा आणि एक उंट प्रत्येकी गेलेच होते की नाही? एक नियम म्हणून डोक्यात ठेवा, हँगिंग पॉन्स असतील तर फार मोहरे उडवू नका. चूक झाली ती झाली, पुढे बघू.

१४ उंट बी५ ही चाल बघा. मुलं मला विचारतात ताई ए६ करून उंट मारायचा ना. तर नाही मारता येत, कारण ए६ चं प्यादं हललं की ए३ चा वजीर सरळ ए८ चा हत्ती खातो. म्हणून पोराने निवांत कॅसल केलं. तुम्ही हत्ती ए७ ला नेला, ई७ च्या वजिराने तो राखला म्हणून आता उंट खरंच मारता येणार होता, ठीक, पण तो हत्ती तिथे कोपऱ्यात जाऊन बसला. त्याऐवजी वजीर बी७ केलं असतं तर तोच वजीर ए८ पण राखतो, उंटावर पण रोखतो आणि ए३-ई७ च्या तिरक्या रेषेतून पण सुटतो. एका चालीत तीन कामं.

ती तिरकी रेषा फार महत्त्वाची आहे. वजीर ए३ ला, तुमचा ई७ ला, मध्ये सी५ चं प्यादं. म्हणजे ते बांधलेलं. १८ घोडा डी४ याच्यामुळेच चालतं, तुम्ही सी५ ने घोडा मारला की वजीर जातो, कारण मध्ये डी७ ला घोडा असल्यामुळे ए७ चा हत्ती ई७ राखतच नाही. मग तुम्ही वजीर एफ८ केलंत, स्पास्कीने पण हेच केलं, तिथे तो हत्तीने आणि घोड्याने राखलेला आहे म्हणून आता घोडा खरंच मरणार होता, म्हणून त्याने ई६ वर मारामारी केली. मला विचाराल तर तिथे घोडा एफ६ बरी होती. घोडा बाजूला झाला की हत्ती ई७ राखतो, धमकी तीच आणि वजीर मधे राहतो.

आणि खरी गोष्ट २० वी चाल. ई४ आल्यावर तुम्ही डी४ केलंत आणि लिहिताय "मस्त पास्ड प्यादं". अहो तिथेच सगळं गेलं. डी५ चं प्यादं होतं तोवर सी४ हे घर त्याच्या ताब्यात होतं. ते पुढे गेल्यावर सी४ मध्ये उंट येऊन बसला आणि त्याला हाकलायला तुमच्याकडे एकही प्यादं उरलं नाही, समोर ई६ चं प्यादं मरायला टेकलेलं. ते पास्ड प्यादं डावाच्या शेवटपर्यंत डी४ वरच उभं राहतं, फिशरने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिथे सी४ खेळायचं. मग ते घर तुमच्याच प्याद्याने भरलं, उंटाला जागा नाही, वजीर एच३ ला आला तर वजीर एफ७ ला जाऊन ई६ राखा. सोपं नाहीये पण झुंजता येतं.

बाकी त्या पोराच्या क्लासवाल्यांना माझा नमस्कार सांगा, २० ई४ समजून खेळला असेल तर जपून राहा सगळ्यांनी.

नाशिकचा_घोडा
ताई एकदम मस्त. पण मला एक शंका येतेय, २२ चाली सेम टू सेम स्पास्कीसारख्या? मनाने? काका खरं सांगा.

रेक्याविक७२
हा विषय निघाला म्हणून इतक्या महिन्यांनी लॉगिन केलं, पासवर्ड नातवाने काढून दिला.

१९७२ साली मी नववीत होतो नागपुरात. मॅचच्या चाली पेपरात यायच्या त्या वडील ब्लेडने कापून वहीत डकवायचे. तेव्हा हे एफ३ बिफ३ नव्हतं, पहिली चाल लिहिलेली असायची पी-क्यूबी४, म्हणजे वजिराकडच्या उंटाचं प्यादं चौथ्या घरात, दोन्ही बाजूंनी आपापल्याकडून मोजायचं. सहाव्या डावाचं कात्रण आलं आणि वडील म्हणाले छापायला चुकलंय बहुतेक. कारण फिशर म्हणजे ई४. आयुष्यभर ई४. तुरळक वेळा दुसरं काही खेळला, १९७० च्या पाल्मा इंटरझोनलला, म्हणजे वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या पात्रता स्पर्धेत, पोलुगायेव्हस्कीशी सी४ खेळला होता, पण वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये वजिराचं गॅम्बिट मांडून बसेल असं कुणाला वाटलं असेल.

थोडी पार्श्वभूमी नव्या मंडळींसाठी. स्पास्की वर्ल्ड चॅम्पियन, फिशर आव्हान देणारा. पहिल्या डावात फिशरने बरोबरीच्या एंडगेममध्ये उंटाने एच२ चं प्यादं खाल्लं आणि उंट तिथेच अडकला, हरला. दुसऱ्याला कॅमेऱ्यांवरून भांडून आलाच नाही, फॉरफिट. शून्य-दोन. त्याआधी त्याने स्पास्कीला आयुष्यात एकदाही हरवलेलं नव्हतं हे लक्षात घ्या. तिसरा डाव स्टेजमागच्या एका खोलीत खेळवला, स्पास्की त्याला कबूल झाला, नसता झाला तर कदाचित मॅच तिथेच संपली असती. तो डाव फिशर जिंकला, चौथा बरोबरी, पाचवा फिशर, अडीच-अडीच. आणि मग २३ जुलैचा हा सहावा, रविवार होता. या डावाने फिशर पहिल्यांदा पुढे गेला, साडेतीन-अडीच, आणि पुन्हा मागे आला नाही. १ सप्टेंबरला साडेबारा-साडेआठ.

ताईंनी २० व्या चालीचं सांगितलं ते बरोबरच, पण माझ्या आवडीची चाल म्हणाल तर ३३ ए४. पांढऱ्याचं प्यादं ई६ वर पोचलंय, वजीर ई५ ला मधोमध, दोन हत्ती एफ वर, आणि हा माणूस पलीकडच्या टोकाला एक प्यादं दोन घरं सरकवतो. काही घाई नाही. काळा काय करणार, वजीर ई८, वजीर डी८, परत ई८, परत डी८, परत ई८. पाच चाली स्पास्कीचा वजीर नुसता येरझारा घालतोय, वर्ल्ड चॅम्पियन हो! तोवर इकडे हत्ती मागेपुढे लावून झाले, उंट डी३ ला, वजीर ई४ ला, आणि एच७ वर रोख. मग ३८ ला हत्तीने एफ६ चा घोडा खाल्ला. ४१ वजीर एफ४ आणि स्पास्कीने डाव सोडला.

आणि डाव संपल्यावर लोक टाळ्या वाजवत होते त्यात स्पास्कीपण होता. आपल्याच पराभवाला. मागच्या वर्षी फेब्रुवारीत, म्हणजे २०२५ ला, तो गेला तेव्हा मला पहिलं तेच आठवलं. वही अजून आहे, डिंकाने पानं पिवळी झालीत.

सुटलेलं_प्यादं
काका (रेक्याविक) तुमचं वाचून अंगावर काटा आला.

आणि नाशिकच्या घोड्याने बरोबर पकडलं. काल रात्री पोटमाळ्यावरून जुन्या वह्या काढल्या. कॉलेजात असताना एका सिनियरने मला टार्टाकोव्हर शिकवला होता आणि एक नमुना डाव लिहून दिला होता, वर नावं नाहीत, शेवट नाही, २२ व्या चालीला पान संपलंय. मी तो कित्येक वेळा मांडला होता काळ्याच्या बाजूने!! म्हणजे काळ्याच्या चाली माझ्या हातात बसलेल्या, का ते माहीत नाही आणि काळा हरला हे तर अजिबातच माहीत नाही. बायको म्हणाली उरलेलं पान पण शोधायचं होतं ना. आता काय बोलणार.

नाशिकचा_घोडा
😂😂😂 २२ ला पान संपलं, २३ ला तुम्ही संपलात

पटावर_पसारा
मी हा धागा बायकोला वाचून दाखवला, तिला बुद्धिबळ येत नाही तरी हसली

उंट_तिरका
काका वाईट वाटून घेऊ नका, खुद्द स्पास्कीची गत फार वेगळी नव्हती. ही १४ उंट बी५ फिशरने शोधलेली नाही. १९७० ला फुरमनने ही गेलरवर खेळली आणि जिंकला. गेलरसारख्या माणसाला हरल्यावर झोप लागणार का, त्याने घरी बसून उत्तर शोधलं. आणि हा गेलर १९७२ ला कुणाच्या बाजूने रेक्याविकला, म्हणजे त्या मॅचच्या गावी, होता? स्पास्कीच्या! त्याचा सेकंड, म्हणजे तयारीतला मदतनीस. सांगतात की गेलरने ते उत्तर स्पास्कीला दाखवलेलं होतं पण पटावर बसल्यावर त्याला ते आठवलं नाही. शिवाय या ओपनिंगच्या रशियन नावात टार्टाकोव्हरच्या मागे माकोगोनोव्ह आणि बोंदारेव्स्की लागतात, आणि बोंदारेव्स्की म्हणजे स्पास्कीचा जुना गुरू. म्हणजे गुरूच्या ओपनिंगमध्ये, सेकंडने उत्तर काढलेलं असताना हरला.

उत्तर असं: १४ उंट बी५ ला ए६ नाहीच, डायरेक्ट वजीर बी७! ताईंनी १६ ला जे सांगितलं तेच दोन चाली आधी. आता पांढरा हावरटपणा करणार, सी५ ला मारामारी, मग १६ हत्ती घेतो सी५, हत्तीने हत्ती, वजीर घेतो सी५. एक प्यादं गेलं. पण १७ घोडा ए६! वजिरावर. उंटाने घोडा मारला, वजिराने उंट मारला, आणि बघा आता ए६ च्या वजिराची रेषा थेट एफ१ पर्यंत. पांढऱ्याला कॅसलच करता येत नाही, राजा मध्ये अडकला. गेलरने हे १९७३ ला हिल्व्हरसुमला टिमनवर खेळून दाखवलं. टिमनने वजीर ए३ ला मागे घेतला, गेलर वजीर सी४, मग राजा डी२ ला चालत निघाला, वजीर जी४, हत्ती जी१, आणि डी४!! प्यादं देऊन मधली सगळी दारं उघडली. काळा जिंकला.

एका वर्षाचा उशीर फक्त. हाच डाव ७२ ला झाला असता तर आज सहाव्या डावाचं कुणी नाव घेतलं नसतं.

रेक्याविक७२
नाव घेतलं असतं हो, दुसऱ्या कारणाने. फिशर टिमनसारखं प्यादं खायला गेला असता असं मला नाही वाटत.

क्लासवाली_ताई
सहमत. आणि सुटलेलं_प्यादं, तुमच्या लेव्हलला बहुतेक वेळा समोरचा सी५ खायला येणारच नाही, कॅसल करेल. मग ए६ करा, आता वजीर बी७ ला असल्यामुळे ए८ राखलेला आहे, उंटाला जावंच लागतं. तो मागे गेला की घोडा डी७, आणि तुमचे सगळे मोहरे बाहेर आलेले. सी४ ढकलायची मोकळीक पण आहे कारण आता कुणी बांधलेलं नाही. चाली पाठ नका करू, वजीर ई७ वरून का निघाला एवढं लक्षात ठेवा, बाकी पटावर सापडतं.

उंट_तिरका
आणि हो, टार्टाकोव्हर सोडायचा प्रश्नच नाही. १९८४-८५ च्या मॅचमध्ये कार्पोव्ह आणि कास्पारोव्ह दोघंही आलटून पालटून काळ्याकडून हेच खेळले. आज चांगले खेळाडू ८ व्या चालीला डी५ मारत बसत नाहीत, उंट ई२ किंवा उंट डी३ करतात, मग तुम्ही उंट बी७. फिशरची पद्धत येईल ती अशा क्लासवाल्या पोरांकडूनच.

मोहरा_गहाण
मला टार्टाकोव्हर कधीच जमला नाही, माझं मत लास्कर. त्याच पोझिशनला ७ व्या चालीला बी६ च्या ऐवजी घोडा ई४ टाकायचा, उंट मारामारी, मग सी३ वर मारामारी, हँगिंग पॉन्सची भानगडच नाही. आनंदने २०१० ला सोफियात टोपालोव्हविरुद्ध शेवटच्या १२ व्या डावात काळ्याकडून हेच खेळलं, स्कोअर बरोबरीत होता, आणि जिंकून टायटल राखलं. कंटाळवाणं म्हणतात लोक. म्हणू देत.

नाशिकचा_घोडा
कंटाळवाणंच आहे. आनंद जिंकला तो टोपालोव्हने स्वतःच्या राजासमोरची प्यादी उघडली म्हणून, लास्करमुळे नाही.

मोहरा_गहाण
उघडायला लावली असं म्हणा. समोरच्याला कंटाळा आणणं ही पण एक कला आहे, आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारा.

सुटलेलं_प्यादं
सगळ्यांचे आभार, खरंच. कालपासून पट मांडूनच ठेवलाय डायनिंग टेबलवर, जेवायला खाली बसतोय. १४ वजीर बी७ दोन्ही बाजूंनी खेळून बघितलं, मुलाला पांढरा दिला आणि म्हटलं खा सी५, त्याने खाल्लं, मग घोडा ए६ केल्यावर त्याचं तोंड बघण्यासारखं होतं. २० ला सी४ पण समजलं, आता कळतंय की मी ज्या प्याद्यावर खूश होतो त्यानेच माझं घर सोडलं होतं.

एक बातमी पण आहे. पुढच्या रविवारी ठाण्यात ओपन आहे, एन्ट्री लिस्ट आली, त्यात तो पोरगा पण आहे. रेटिंग जवळ जवळ आहे त्यामुळे पेअरिंग लागू शकतं. सी४ ला तयारी झाली. पण तो ई४ खेळला तर?

उंट_तिरका
ई४ ला काय खेळता?

सुटलेलं_प्यादं
फ्रेंच. तो पण त्याच वहीतला.

क्लासवाली_ताई
नवीन धागा काढा. आणि आधी पान कुठे संपतंय ते बघा.